सिस्टरचा सन्मान, की आपली सोय?

दरसाल 12 मे उजाडला की आपल्याकडे परिचारिकांवर फुले उधळण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, पुढे मेणबत्ती आणि कोणा पाहुण्याचे भाषण. ‘सेवा’, ‘त्याग’, ‘ममता’ हे शब्द त्यात आलटून पालटून येतात. ‘ज्ञान’ हा शब्द मात्र कान देऊन ऐकला तरी सापडत नाही. 1973 पासून केंद्र सरकार नाइटिंगेलच्याच नावाने परिचारिकांना राष्ट्रीय पुरस्कार देत आले आहे. पुरस्काराबद्दल आमची तक्रार नाही. द्यावा, आणखी द्यावा. तक्रार आहे ती आपण टाळ्या कशासाठी वाजवतो याबद्दल.

खुद्द नाइटिंगेलबाईंचेच पाहा. क्रिमियाच्या युद्धात त्या रात्री दिवा घेऊन रोग्यांमधून फिरत, एवढे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण परतल्यावर बाई काय करीत बसल्या? मेलेल्या शिपायांचे आकडे मांडीत! जखमांपेक्षा रोगराईनेच अधिक शिपाई दगावले, हे त्यांनी 1858 साली रंगीत आकृत्या काढून सरकारच्या डोळ्यांपुढे धरले. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सदस्य. हिंदुस्थानात कधी पाऊल न ठेवता त्यांनी येथल्या छावण्यांतील पाणी आणि गटारे यांचाही कीस काढला. आपण मात्र वहीवाली बाई टाकून दिवेवाली ठेवली. दिवेवालीला नमस्कार करून मोकळे होता येते. वहीवालीला उत्तर द्यावे लागते.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी रुग्णालयातच अमानुष हल्ला झाला. त्याची हकीकत दिवाळीच्या अंकात सांगायची नाही. सांगायचे आहे ते पुढचे. मेंदूला इजा होऊन अंथरुणाला खिळलेल्या या बाईंना तेथील परिचारिकांनी 18 मे 2015 पर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. सांभाळणाऱ्या निवृत्त झाल्या, हल्ल्याच्या वेळी जन्मलेल्याही नव्हत्या अशा मुली त्यांच्या जागी आल्या. इतकी वर्षे पडून असूनही अंगावर अंथरुणाची एक जखम नाही, याची 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालपत्रात वाखाणणी केली.

ज्या घरात म्हातारे माणूस महिनाभर अंथरुणावर पडले असेल, त्या घरच्या बाईला विचारा याचा अर्थ! दर दोन तासांनी कूस बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, ओल टिपायची, टाचा आणि माकडहाड रोज निरखायचे, कातडी जरा लालसर दिसली की त्याच पाळीत सावध व्हायचे आणि पुढच्या पाळीला बजावून जायचे. आपण याला ‘माया’ म्हणालो. माया होतीच हो! पण नुसत्या मायेने पाठ शाबूत राहत नाही. त्याला कसब लागते. आणि याच मायाळू परिचारिकांनी 1973 साली संप केला होता, आणि पुढे महापालिका अरुणाबाईंना तेथून हलवू लागली तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या होत्या, हे मात्र भाषणात येत नाही.

2020 हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि प्रसाविका यांचे म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी 22 मार्चला आपण गच्चीत उभे राहून थाळ्या बडवल्या. बरोबर एक महिन्याने, 22 एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हात टाकणाऱ्यांना तुरुंगात धाडण्याचा वटहुकूम सरकारला काढावा लागला! आणि 2022 साली ज्या ‘आशां’ना त्याच जागतिक संघटनेने गौरवले, त्या सरकारी कागदावर अजून ‘स्वयंसेविका’च आहेत. स्वयंसेविकेला पगार नसतो, मोबदला असतो.

कोणी म्हणेल, परिचर्येचा दर्जा मोजायचा कसा? अहो, आम्ही मास्तर लोक पोरांची अक्कलसुद्धा मोजतो! वॉर्डात किती रोग्यांना जखमा झाल्या, किती खाटेवरून पडले, औषधाची चूक कितीदा वेळेवर पकडली, हे मोजता येते. बाळंतिणीचा रक्तस्राव हाताबाहेर जाण्याआधी कोणी ओळखला, अडलेली बाई मोठ्या दवाखान्यात कोणी वेळेत धाडली, हे त्या प्रसाविकेच्या वहीत लिहिलेले असते. मानपत्रात ते लिहा. निवडीला तिच्या कामातले जाणणाऱ्या परिचारिका बसवा. पगार, बढती आणि वॉर्डातले मनुष्यबळ ठरवतानाही त्यांचे म्हणणे कागदावर घ्या.

यंदाही लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी भाजलेली पोरे दवाखान्यात येतील. तेथे पाळीवर असलेल्या बाईंना करंज्यांचा डबा जरूर पोचवा. पण आज किती रोग्यांमागे त्या एकट्या आहेत, हेही विचारून घ्या. तो आकडा मग आपल्या आमदाराला लेखी कळवा.