फीचा आकडा कागदावर यावा

संपादक महाशय यांस,


वकिलीचा बाजार होऊ लागला आहे, अशी जी खंत आमच्या बार रूममध्ये हल्ली रोज ऐकू येते, तिच्याविषयी, कऱ्हाडच्या न्यायालयात ३६ वर्षे वकिली करीत असलेला एक इसम या नात्याने, चार शब्द लिहिण्याची परवानगी असावी. मोबाइलवर नोटिशीचे दर झळकतात, वकिलांच्या नावांपुढे तारे लागतात, आणि परदेशी विधिसंस्थांना २०२३ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी व मे २०२५ मधील त्यांच्या दुरुस्तीने, परदेशी कायदा आणि आंतरराष्ट्रीय लवाद यांपुरते का होईना, दार उघडून दिले आहे. या सर्वांवर आमचे उत्तर एकच असते की, वकिली हा व्यापार नव्हे, ते व्रत आहे. हे उत्तर मला मनापासून मान्य आहे. परंतु त्या व्रताचा जो भाग अशिलाच्या उपयोगाचा, तो आम्ही पाळत नाही, ही माझी तक्रार आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमावलीतील ३६ व्या नियमाने वकिलास जाहिरातीची मनाई आहे, आणि मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये, ऑनलाइन संकेतस्थळांमार्फत कामे मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी असे जे निर्देश दिले, ते योग्यच आहेत. वकिलाचे कौशल्य दुकानातल्या लुगड्यासारखे पोत चाचपून पारखता येत नाही. आणि प्रत्येक दाव्यात कोणीतरी एक पक्ष हरणारच असल्यामुळे, जिंकलेल्याने दिलेल्या व हरलेल्याने कापलेल्या ताऱ्यांवरून वकिलाची योग्यता ठरवणे, हे पाऊस पडला की नाही यावरून शेतकऱ्याची मेहनत मोजण्यासारखे आहे. पण याच ३६ व्या नियमात २००८ साली दुरुस्ती होऊन, वकिलाने आपल्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, दूरध्वनी, सनदेचा क्रमांक, शैक्षणिक पात्रता आणि कामाचे क्षेत्र इत्यादी तपशील द्यावा, अशी मुभा मिळाली. त्या यादीत फी नाही. आणि अशील वकिलाच्या पायरीवर पाऊल ठेवताना ज्या गोष्टीने धास्तावलेला असतो, ती गोष्ट नेमकी फी हीच.

गेल्या महिन्यात कृष्णाकाठच्या एका गावातील विधवा बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. दिरांविरुद्ध वाटपाचा दावा दुसऱ्या वकिलामार्फत चार वर्षे चालू. कापडी पिशवीत सातबारा, फेरफाराच्या नकला आणि शाळेची एक वही. वहीच्या मागच्या पानावर मुलाने पेन्सिलीने लिहिले होते, ‘वकीलसाहेब ३०००’, त्याखाली ‘वकीलसाहेब ५०००’, असे सात वेळा. कोणती रक्कम कोर्ट फीची, कोणती नकलांची, कोणती मेहनतान्याची, याचा कोठे पत्ता नाही, आणि पावती एकही नाही. मुलाने मोबाइल पुढे केला. त्यावर नोटीस ९९९ रुपयांत देण्याची जाहिरात होती. तो म्हणाला, “साहेब, हितं निदान आकडा तरी दिसतोय.” नोटिशीला उत्तर आल्यावर पुढे काय, हे त्या जाहिरातीत नव्हते, ते मी त्याला समजावून सांगितले, पण त्याच्या मूळ बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये असा निर्णय दिला की, वकिलाच्या सेवेतील उणिवेबद्दल ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येणार नाही, कारण हा व्यवसाय इतर व्यवसायांहून निराळा आहे. निर्णय शिरोधार्य आहे. मात्र त्याने आमची जबाबदारी वाढली, हे आमच्यापैकी फार थोड्यांनी ध्यानात घेतले. अशिलाला ग्राहक म्हणून मिळणारे संरक्षण गेले. उरले ते १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमातील ३५ व्या कलमाखाली गैरवर्तनाची तक्रार करणे, नाहीतर दिवाणी दावा लावणे, ज्यासाठी त्याला पुन्हा वकीलच शोधावा लागतो. खर्चाची अस्पष्टताही तशीच राहिली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरास उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आमच्या भागाची मुंबईची खेप वाचली. पण अपिलास एकंदर किती खर्च येईल, हे अशिलाला आजही कोणी लिहून देत नाही.

नियम नाहीत असेही नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या त्याच नियमावलीतील २५ वा नियम सांगतो की, अशिलाकडून आलेली रक्कम, त्याच्यासाठी झालेला खर्च आणि फीपोटी वळती केलेली रक्कम यांचा तारीखवार हिशेब वकिलाने ठेवावा; आणि ३० व्या नियमाप्रमाणे, नक्कल-खर्च भरून मागणी केल्यास त्या हिशेबाची प्रत अशिलास दिली पाहिजे. जाहिरातीच्या मनाईचा आम्ही जेवढा घोष करतो, त्याच्या शतांशानेही या दोन नियमांचा करीत नाही. दावा किती वर्षे चालेल हे कोणास ठाऊक, मग फी आधी कशी लिहून द्यावी, असा आक्षेप माझे व्यवसायबंधू घेतील. दावा दाखल करणे, मनाई अर्ज, पुरावा, युक्तिवाद, अशा टप्प्यांनी ती खुशाल लिहावी. टप्पा न आल्यास रक्कमही येणार नाही.

म्हणून महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला माझी आग्रहाची विनंती आहे की, वकालतनाम्यासोबत टप्पावार फीचा एक कागद, सोप्या मराठीत, उभयतांच्या सह्यांनिशी, सक्तीचा करावा. मी स्वतः इतकी वर्षे तोंडीच फी ठरवीत आलो, ही माझी चूक होती. त्या बाईंचा वकालतनामा घेतला त्या दिवसापासून मी असा कागद देऊ लागलो आहे. आजवर एकाही अशिलाने त्यावरून घासाघीस केलेली नाही.

आपला,
एक जुना वकील, कऱ्हाड