दवाखान्यात एकटे जाऊ नका

नागपूरच्या मिहानमधल्या एम्सचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. आज गडचिरोली, गोंदिया, यवतमाळपासून बालाघाट, छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण तिथे येतात. मोठ्या उपचारासाठी मुंबई गाठावी लागणाऱ्या विदर्भाची ही मोठी सोय झाली. पण दवाखाना जवळ आला म्हणून तिथला कारभार आपोआप कळत नाही.

डॉक्टर सांगतात तेव्हा घाबरलेला माणूस नुसती मान हलवतो. बाहेर आल्यावर कागद उलटसुलट करत बसतो : यातली कोणती गोळी उपाशीपोटी घ्यायची? तपासणी कुठे, पुन्हा यायचे कधी? नेमका तेव्हाच एखादा दलाल खांद्यावर हात ठेवतो, "नंबर लावून देतो, साहेब ओळखीचे आहेत." त्याच्या हाती कागद देऊ नका, पैसे तर नकोच.

माझे सांगणे एवढेच : सोबत एक शांत डोक्याचा माणूस न्या. तो दवाखान्याचा नको, दलालाचा नको. फक्त तुमचा हवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र रुग्णालयात बसतात, त्यांची मदत जरूर घ्या. पण त्यांचे काम योजनेपुरते. डॉक्टरांना तुमच्या वतीने प्रश्न विचारणारा माणूस वेगळाच लागतो.

त्याने काय करायचे? आधार, रेशनकार्ड, जुने रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड तारखेप्रमाणे एका फाइलीत लावायचे. वहीत तीन प्रश्न लिहून न्यायचे : आजार कोणता, दुसरा उपाय आहे का, खर्च किती? उत्तर तिथेच टिपायचे आणि डॉक्टरांना वाचून दाखवायचे. रुग्णाला न समजलेल्या संमतिपत्रावर सही होऊ द्यायची नाही. निर्णय मात्र रुग्णाचाच.

कायदा तुमच्या बाजूने आहे. २००२ च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या सोबत्याने मागितल्यास उपचाराची कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. म्हणून सोबत्याला चार ओळींचे अधिकारपत्र लिहून द्या. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावे, असे राज्याचे २०२१ चे नियम सांगतात. दिसले नाही तर विचारा. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्याही मागा. मागताना आवाज चढवू नका. डॉक्टर आपला शत्रू नाही, आणि लेखी अर्ज भांडणापेक्षा जास्त काम करतो.

नागपुरातल्या निवृत्त परिचारिका, शिक्षक, बँक कर्मचारी यांना हात जोडून विनंती आहे. आठवड्यातला एक दिवस एकट्या आलेल्या रुग्णांसाठी द्या. पैसा घेऊ नका, कोणत्याही दवाखान्याची शिफारस करू नका. आणि गावकऱ्यांनो, ग्रामसभेत बसून आपल्या गावाचे असे दोन सोबती आजच ठरवा. आजारपण सांगून येत नाही.