कुत्रं त्यांचं, बंदूक त्यांची

कर्जतहून कोंडाण्याला लेण्यांकडं जाताना फार्महाऊसं लागतात. फाटकावर पाटी : ‘कुत्र्यापासून सावधान’. शेठला घोर पडलाय, घर राखायला अल्सेशियन बरा की डॉबरमन? बारा बोअर बरी की रिव्हॉल्व्हर? कुत्रं मात्र भुंकतं आमच्यावर!

मी विचारतो, घर कुणाचं फुटतं? आपल्याच जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्यावर कुत्र्याला पाणी होतं, माणसाला नव्हतं. १९२७ ला आपण प्यालो तर डोकी फुटली. २००६ ला भंडाऱ्यात, खैरलांजीला, झुंडीनं एकाच घरातली चार माणसं मारली.

दोस्तांनो, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे १९९५ चे नियम वाचा. नियम ३ : अत्याचाराची भीती असेल तिथं सरकारनं, गरज वाटली तर, इतरांचे शस्त्रपरवाने रद्द करावेत, दलित-आदिवासींना परवाने द्यावेत. गरज वाटायची कुणाला? सरकारला! मढं आमचं, गरज त्यांनी ठरवायची!

मला बंदुकीची हौस नाही. बुद्धाला मानतो मी. पण अर्ज टाका. नकार आला तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं कारण लेखी मागा. आमचा जीव राखण्याच्या लायकीचा नाही, हे सरकारनं एकदा सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावंच!