हत्तीरोग नेमका कोणता डास पसरवतो?

हत्तीरोग डासांमुळे होतो हे बहुतेकांना ठाऊक असते. पण प्रत्येक डास तो पसरवू शकत नाही. रुग्णाचे रक्त पिणाऱ्या कुठल्याही डासाच्या पोटात या रोगाचे सूक्ष्म जंत, म्हणजे मायक्रोफायलेरिया, जाऊ शकतात. पुढे जंताला पोटाचा पडदा भेदून छातीच्या स्नायूंत शिरावे लागते, तिथे दोनदा कात टाकावी लागते आणि साधारण १० ते १४ दिवसांनी अळी होऊन सोंडेपर्यंत पोहोचावे लागते. अनेक जातींच्या डासांत हा प्रवास अर्ध्यावरच संपतो.

म्हणून एखादी जात रोगवाहक आहे का, हे तपासण्याची ठरलेली पद्धत आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माद्यांना जंत असलेले रक्त पाजायचे, त्यांना दोन आठवडे जगवायचे आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन करून अळी कुठवर पोहोचली ते पाहायचे. पॅट्रिक मॅन्सन यांना १८७७ मध्ये चीनमधील अमॉय इथे डासाच्या शरीरात वाढणारा जंत दिसला; पण मेलेल्या डासाचे पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असा त्यांनी तर्क केला. सोंडेतली अळी जॉर्ज लो यांनी १९०० मध्ये दाखवली, तेव्हा कोडे सुटले.

आज पीसीआर चाचणीने डासातला जंताचा डीएनए झटपट सापडतो. गावात जंत अजून फिरतो आहे का, हे कळायला ती उपयुक्तच आहे. मात्र डीएनए मिळाला म्हणजे त्या डासाने रुग्णाचे रक्त प्यायले, एवढेच सिद्ध होते. तो रोग पुढे देतो, हे ठरवायला अळीच पाहावी लागते.

हा फरक केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. विदर्भातल्या हत्तीरोगाचा वाहक क्युलेक्स डास आहे. तो तुंबलेल्या गटारांत आणि सेप्टिक टँकमध्ये वाढतो. डेंग्यूचा एडिस घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्यामुळे डेंग्यूसाठी पाळलेल्या कोरड्या दिवसाने हत्तीरोग हटणार नाही. त्यासाठी गटारे वाहती हवीत आणि सेप्टिक टँकच्या व्हेंट पाइपला जाळी हवी.

देशाने २०२७ पर्यंत हत्तीरोग निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. गोळ्यांची मोहीम आणि रक्ततपासणी आवश्यकच आहे, पण तिच्या जोडीला डासांची नियमित तपासणीही हवी. त्यासाठी डास पकडणारे आणि त्यांचे विच्छेदन करू शकणारे प्रशिक्षित कर्मचारी प्रत्येक बाधित जिल्ह्यात असले पाहिजेत. नुसता धूर फवारून हा रोग जाणार नाही.