पासष्ट हजार ओळींपुढचे रुग्ण

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२० च्या पहिल्या आठवड्यात कोरोनाबाधितांचा आकडा एकाएकी फुगला, तो साथीच्या उसळीने नव्हे. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद आधीच्या दैनंदिन आकडेवारीत आलीच नव्हती, ती आता जमेस धरली गेली. या रुग्णांना आपापले अहवाल मिळाले होते. मात्र त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध घेणाऱ्या यंत्रणेला त्यांचा पत्ता नव्हता. आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी ५ ऑक्टोबरला संसदेत निवेदन केले, तोवर त्यांपैकी जेमतेम निम्म्यांशी संपर्क झाला होता. साथीत असे दिवस किती मोलाचे असतात, हे निराळे सांगावयास नको.

घोळ झाला तो वाटेत. प्रयोगशाळा आपले अहवाल साध्या मजकुराच्या 'सीएसव्ही' फायलींतून पाठवीत. स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या या स्वरूपाला ओळींचे बंधन नसते. 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ही संस्था मात्र ही माहिती मध्यवर्ती साठ्यात नेण्यापूर्वी एक्सेलच्या जुन्या 'एक्सएलएस' साच्यात भरत असे. त्या साच्यात ओळीच्या क्रमांकासाठी सोळा बिटांचीच जागा. म्हणजे ६५,५३६ ओळी संपल्या की पान संपले. एका चाचणीची नोंद अनेक ओळी व्यापत असल्याने एका फायलीत सुमारे १,४०० रुग्णच मावत. उरलेले गळाले. वास्तविक एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीनेच ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींपर्यंत नेली होती!

तेव्हा एक्सेलच्या नावाने बोटे मोडणे सोपे असले तरी न्याय्य नाही. एका कंपनीच्या सोयीने घडलेला साचा दोन माहितीसाठ्यांमधील पूल म्हणून वापरला, की त्या साच्याचे नियम माहितीला निमूट पाळावे लागतात. जनुकशास्त्रज्ञांना याचा अनुभव आहे. 'मार्च१' हे जनुकाचे नाव एक्सेल तारीख समजून बदलून टाकी. अखेर नामकरण समितीने ते 'मार्चएफ१' केले. हा आपोआप होणारा बदल बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ मध्ये.

साचा खुला असला म्हणजे भागले, असेही नाही. नवा 'एक्सएलएसएक्स' २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण त्यालाही ओळींची सीमा आहेच. खरी उणीव पडताळणीची होती. गोदामातला कारकूनही पोती किती निघाली नि किती पोहोचली याचा मेळ घालतो. येथे ओळींचा तो मेळ वेळीच घातला गेला असता तर गळती पहिल्याच दिवशी उघडकीस आली असती.

ब्रिटिश यंत्रणेने तातडीचा उपाय म्हणून माहितीचे लहान तुकडे करून ते अधिक फायलींत भरले. फायली अर्थात एक्सेलच्याच.