देव आणि मधला माणूस

बदलापूरच्या मांजर्लीहून अंबरनाथचं शिवमंदिर काही लांब नाही. तिथला शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की पिंडीपुढे हात जोडायला कुणाचं प्रमाणपत्र लागत नाही. मग श्रद्धेला धर्मसंस्था हवीच कशाला?

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज काढला, तो निर्मिक, म्हणजे निर्माता देव, आणि माणूस यांच्यामध्ये दलाल नको म्हणून. पण भटजीला रजा दिली तरी लग्नं थांबणार होती थोडीच? फुल्यांनी नवा विधी बसवला, मंगलाष्टकं स्वतः रचली. त्यांत वधू स्त्रियांच्या हक्कांचं बोलते आणि वर तिला शब्द देतो. म्हणजे संस्था आलीच की!

आमच्या मते श्रद्धेला सोबत लागते, लग्नामर्तिकाला तर लागतेच. पोथीतला शब्द अखेरचा मानण्याची सक्ती मात्र नको. १८९१ साली, फुल्यांच्या पश्चात, त्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ निघालं. त्यातल्या एका घरात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी. चौघंही गुण्यागोविंदाने राहतात. हे कुटुंब आज बदलापुरात भाड्याने फ्लॅट बघायला निघालं, तर एजंट आधी काय विचारेल?