मोत्या घरात शू करतो?
बालदोस्तांनो, पावसाळ्यात गिरीजच्या वाड्यांत चिखलच चिखल! तुमचा इवलासा मोत्या ओल्यात पाय टाकायला कुरकुरतो आणि घरातच शू करून मोकळा होतो. मग आई रागावते. पण त्याला मारू नका, त्याचं नाक त्यात घासू नका. तो फक्त घाबरेल आणि लपूनछपून करू लागेल.

बाहेर जायला शिकलेला मोत्या अचानक असं करू लागला, तर आधी गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. लघवीचा आजार असू शकतो. तसं नसेल, तर झोपून उठल्यावर आणि खाल्ल्यावर त्याला अंगणातल्या त्यातल्या त्यात कोरड्या जागी न्या. तिथे केलं, की लगेच खाऊ द्या. घरातली जागा स्वच्छ धुवा. वास राहिला, तर स्वारी पुन्हा तिथेच!

रागावण्याआधी कारण शोधायचं, बरं का!